बिनदाराचं केंद्र आणि राजनंदिनीची अट

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज पुन्हा तेच झालं. एक पोरगी आठवडाभर येऊन नुसती रडत होती, आज कुठे बोलायला लागली. नवरा कुठे कुठे चटके देतो ते दाखवायला तिनं बाही वर केली आणि तेवढ्यात पडदा सारून एका भक्तानं मुंडकं आत घातलं. "मावशी, तेल कुठं मिळंल?" पोरीनं बाही खाली केली ती केलीच. नंतर "बरं हाय माझं" एवढंच म्हणाली आणि एसटी गाठायला निघून गेली.

शिंगणापुरात घरांना दारं नसतात. चौकट असते, चौकटीला पडदा असतो आणि राखण शनिदेव करतो. चोरी करणाऱ्याचं वाटोळं होतं म्हणतात. होत असेल, माझं देवाशी भांडण नाही. पण हे महिला आधार केंद्र आहे आणि मी त्याची संचालिका. आमच्याकडे चोर येत नाहीत, नवरे येतात. त्यांचं वाटोळं झालेलं मी अजून तरी पाहिलेलं नाही.

जागा आमच्या संस्थेचे अध्यक्ष भिमाजी अण्णा यांची. पुढे एक खोली, आत एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि दार म्हणून कुठे काही नाही. आतल्या खोलीत दोन बाया राहू शकतात. अण्णांचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान देवळाकडे जाताना लागतं. आमच्या पडद्यातून विचारणारी निम्मी गिऱ्हाइकं मीच त्यांच्याकडे पाठवते, त्याबद्दल कधी चहा पाजला नाही.

आज त्यांना बजावून सांगितलं, दारात बसायला माणूस द्या. ते म्हणाले, वॉचमन बघतो. म्हटलं, नवऱ्याच्या भीतीनं पळून आलेल्या बाईनं आधी दारात पुरुष ओलांडायचा का? बाईच पाहिजे. दवाखान्यात, पोलीस ठाण्यात सोबत जायलाही बाईच लागते. शेवटी जाहिरात मीच लिहिली: द्वार-सहायिका पाहिजे. फक्त महिला. "फक्त" खाली रेघ ओढली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मुलाखती झाल्या. तीन जणी आल्या.

पहिली नवऱ्याला घेऊन आली. नाव, गाव, शिक्षण, सगळी उत्तरं त्यानंच दिली. मी विचारलं, "ड्युटीलाही तुम्हीच येणार का?" तर म्हणाला, "गरज पडली तर येईल की." दुसरी म्हणाली, सही मी करीन, बसायला पुतण्या येईल. "फक्त महिला" खाली आणखी चार रेघा ओढायला हव्या होत्या.

तिसरी राजनंदिनी. श्रीरामपूरहून आली. उंच, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स. "नमस्कार मॅडम" म्हणाली आणि आमच्या कडूबाईच्या हातातला चहा बशीत सांडला. कडूबाई आमचा स्वयंपाक बघते आणि बाकी सगळंही बघते. राजनंदिनीचा आवाज असा, की उसाचा ट्रॅक्टर चढाला लागलाय.

"मॅडम, आधीच सांगते. मी तृतीयपंथी हाय. राहात्याकडं दुकानादुकानांत पैसे मागायचे. आता सोडलं. कलेक्टर हापिसातनं ओळखपत्र काढलंय, त्याच्यावर स्त्री लिहिलंय. तुमच्या जाहिरातीत फक्त महिला लिहिलंय, म्हनून आले."

"म्हणून म्हणजे?"

"म्हंजे मला तसलंच काम पाहिजे, जिथं बाईच लागती."

बारावी पास आहे. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पगार ऐकून तोंड वाकडं केलं नाही. शेवटी म्हणाली, "माझी एकच अट हाय. टाळी वाजवायची न्हाई."

म्हटलं, आम्ही काय भजनी मंडळ आहोत? मी हसले, कडूबाई हसली. ती हसली नाही. विनोदाची जाण बेताची दिसते, पण दारात बसायला विनोद लागत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

समितीची बैठक. समितीत पाच पुरुष आणि मी. "फक्त महिला" म्हणजे कोण, हे ठरवायला पाच पुरुष बसलेले पाहून मला शेंगदाण्याचा ठसका लागला.

अण्णा म्हणाले, "सुकन्याबाई, जाहिरात तुमीच लिवली. ती काय महिला न्हाई."

"कशावरून?"

"आता कशावरून म्हंजे! दिसतंय की."

"अण्णा, तुम्ही पुरुष आहात हे आम्ही तुमच्या शब्दावरच मानलंय ना?"

दोघांना खोकला आला. मग मी जिल्ह्यावर आले. म्हटलं, अख्ख्या नगर जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा तुम्ही पेढे वाटले. पाट्या रंगवल्या, लेटरहेड बदललं. एका बाईनं स्वतःचं एकटीचं नाव बदललं, सरकारनं शिक्का मारला, तर तुमच्या पोटात का दुखतंय? 

शेवटी अण्णा म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. पन येनाऱ्या बायांना नसंल चालत तर? त्यांना इचारलं का कुनी?"

"बायकांना काय चालतं ते मला कळतं," मी म्हणाले. विषय संपला. दोन महिने तात्पुरतं ठेवायचं, मग समिती ठरवणार, कायम करायचं का घरी पाठवायचं. मी जिंकले. घरी येऊन शिरा केला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

राजनंदिनीचा पहिला दिवस. चौकटीत स्टूल टाकून बसली. भक्त मुंडकं आत घालायच्या आधीच उठून उभी राहते, "तेल तिकडं" म्हणून हात दाखवते. सकाळपासून एकही मुंडकं आत आलं नाही. एक शेळी आली, तिलाही परत पाठवलं.

दुपारी विचारत होती, केस कशी लिहितात. म्हटलं, सावकाश शिकशील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पंकजा आली. वय बावीस-तेवीस, गळ्यावर बोटांचे वळ. नवऱ्याचं नाव अमृत, टेम्पो चालवतो. चालत आली, चप्पल नव्हती. राजनंदिनी पुढे होऊन म्हणाली, "ये ताई, आत ये, पानी देऊ?" आणि पंकजा जागच्या जागी वळली. रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मला तिला धरून आणावं लागलं.

आत आल्यावर मी जरा रागावलेच. म्हटलं, अगं, ती चांगली आहे. पंकजा म्हणाली, "असतील ताई. मी वाईट न्हाई म्हनत. पन त्यो गड्यासारखा आवाज कानावर आला की वाटतं, नवराच आला. मी काय करू? मला वाटलं, हितं समद्या बायाच असतील."

आता हिला काय सांगायचं? समितीपुढे जे भाषण ठोकलं ते हिच्या गळ्यावरच्या वळांपुढे ठोकता येईना. अण्णांचा प्रश्न आठवला आणि अण्णांचाच राग आला.

मी तोडगा काढला. राजनंदिनीला बाजूला घेऊन म्हटलं, पंकजा इथे आहे तोवर तू तिच्यासमोर बोलू नकोस. खुणा कर. तिनं माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली. एका शब्दानं वाद घातला नाही. किती समजूतदार! पंकजा आतल्या खोलीत राहतेय, कडूबाई सोबतीला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज गंमतच झाली. एका बाईचा नवरा दारू पिऊन शिव्या देत आला. राजनंदिनी स्टुलावरून उठली, एवढंच. त्यानं तिला नीट बघितलं आणि हातच जोडले. "आई, चुकलं. शाप देऊ नका." उलटा चालत रस्त्यापर्यंत गेला, मग पळत सुटला.

कडूबाई म्हणाली, "अगं बया! ही तर शनिदेवाची धाकली बहीनच निघाली." आम्ही पोट धरून हसलो. राजनंदिनीनं स्टूल सरळ केलं आणि बसली.

मी मात्र विचारात पडले. गावाला दार लागत नाही, कारण शापाची भीती आहे. मग आमच्या चौकटीत जर शाप बसलेला असेल तर? हे मला आधी का नाही सुचलं? पूर्वी मी गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं द्यायचे. पण नवऱ्यांच्या बाबतीत जरा सूट द्यायला हरकत नाही.

११ मार्च, मंगळवार

एक सासरा नातवाला घेऊन बसला होता, सुनेकडे द्यायला तयार नव्हता. त्याला केंद्रात बोलावलं. दोन तास कायदा सांगितला. कायद्यानं त्याच्या मिशीचा केसही हलला नाही. मग मी बाहेर येऊन राजनंदिनीला म्हटलं, "एकदाच वाजव. पोराचा प्रश्न आहे."

"मॅडम, माझी अट हुती."

"अगं, एकदा. कोण मोजतंय?"

तिनं वाजवली. काय ती टाळी! पत्र्यावरची कबुतरं उडाली. सासऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं, संध्याकाळच्या आत पोरगं आईच्या मांडीवर. टाळी वाजवताना ती सासऱ्याकडे न बघता सारखी माझ्याकडेच बघत होती. पहिलीच वेळ, बावरली असेल.

नंतर नळाखाली किती वेळ हात धूत उभी होती. फार स्वच्छ बाई आहे.

२० मार्च, गुरुवार

आमची कीर्ती नेवाशापर्यंत गेलीय. अण्णासुद्धा खूश. म्हणाले, "बाई, तुमचं डोकं चालतं." मी आता नवरे येण्याच्या वेळा राजनंदिनीला आधीच सांगून ठेवते. रीत बसून गेलीय. बाया आल्या की गप्प बसायचं, गडी आले की टाळी.

संध्याकाळी ती म्हणाली, "मॅडम, मला आत टेबलावर बसू द्या. केस लिहीन. अक्षर चांगलं हाय माझं."

म्हटलं, वेडी का काय? तुझ्यासारखी दारात दुसरी कोण मिळणार? तू तर आमची शान आहेस. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. बरं वाटलेलं दिसलं नाही. मोठी अवघड बाई आहे, कौतुकही चालत नाही.

२९ मार्च, शनिवार, शनि अमावस्या

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

आज गावात पाय ठेवायला जागा नव्हती. घोडेगावापासून गाड्यांची रांग. पोलीस सगळे रस्त्यावर. आणि आजचाच दिवस साधून अमृत टेम्पो घेऊन आला, सोबत दोन भाऊ.

मी आत होते, पंकजा माझ्या मागे. पडद्याच्या फटीतून सगळं दिसत होतं. मला वाटलं, बघू या गंमत. ओरडले, "राजनंदिनी, वाजव!"

पण हा गडी तयारीनं आला होता. हातात परडी, परडीत नारळ, खण, हळदीकुंकू. तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "आई, हे मान म्हनून घ्या. आशीर्वाद द्या आन बाजूला व्हा. बायकू न्यायला आलोय."

 ज्या शापाला मी दार करून बसवलं होतं, त्याची एका नारळात तोड निघत होती. सगळ्या नवऱ्यांना हे माहीत असणार. मलाच तेवढं माहीत नव्हतं.

राजनंदिनीनं परडीला हात लावला नाही. टाळीही वाजवली नाही. तिच्या त्या आवाजात, पंकजा दहा हातांवर असताना, महिनाभर दाबून ठेवलेल्या आवाजात म्हणाली, "मी आई न्हाई कुनाची. हितं कामाला हाय. नाव सांगा, बाकावर बसा. मी तिला इचारते. ती व्हय म्हनली तर भेट हुईल."

"तिला काय इचारायचं? माझी बायकू हाय!"

"म्हनूनच तिला इचारायचं."

मग त्याची भक्ती संपली. नारळ भिरकावला, तिच्यावर धावून गेला. तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली. एकेक हात एकेका बाजूला. भाऊ ओढत होते, बांगड्या फुटत होत्या, आणि मी मूर्खासारखी आतून ओरडत होते, "वाजव ना! वाजव!" हात मोकळे असते तर ना.

सुटका कुणी केली? भक्तांनी. दारात गर्दी दिसली म्हणून त्यांना वाटलं, दर्शनाची रांग इथूनच आहे. पन्नासेक माणसं पाठीमागे येऊन लागली, ढकलायला लागली. एक आजोबा अमृतच्या खांद्यावर थापटून म्हणत होते, "अहो, मधी घुसू नका, आमी पन उपाशीच हाओत." त्यात कडूबाई उकळत्या चहाचं पातेलं घेऊन बाजूनं आली. तिघं जे त्या गर्दीत सापडले ते चपला सोडून पळाले. पुढे पोलिसांनी त्यांना टेम्पोपाशीच धरलं, कारण गाड्यांच्या रांगेत टेम्पो अडकला होता. गुन्हा नोंदवलाय.

राजनंदिनीचं मनगट मोडलंय. दवाखान्यात प्लास्टर घालताना मी तिला म्हणाले, म्हणजे काळजीनंच म्हणाले, "एक टाळी वाजवली असतीस तर हात वाचला असता." तिनं सुट्टी मागितली. दुखत असणार.

१ एप्रिल, मंगळवार

राजनंदिनी फोन उचलत नाही.

पंकजानं विचारलं, "त्या कुठं गेल्या?" म्हटलं, आता तर तुला बरं वाटत असेल, आवाज नाही काही नाही. हे मी चिडून बोलले, बोलायला नको होतं.

पंकजा म्हणाली, "भ्या गेलं असं न्हाई ताई. परवा त्या बोलल्या तवा पन भ्यालेच मी. पन त्या म्हनल्या, ती व्हय म्हनली तर." मग लसूण सोलता सोलता म्हणाली, "माझं लगीन ठरलं तवा पन मला असं कुनी इचारलं नव्हतं."

मी चष्मा पुसत बसले.

३ एप्रिल, गुरुवार

श्रीरामपूरला गेले. राजनंदिनीची खोली रेल्वे स्टेशनच्या मागे. हात गळ्यात बांधलेला, एका हातानं कांदा चिरत होती. मी घेऊन गेलेली द्राक्षं बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, मी परत येनार न्हाई."

मी समजूत घालायला लागले. पगार वाढवून घेऊ, समितीला सांगते, तू किती धाडसी. ती ऐकत राहिली. मग सुरी खाली ठेवली.

"तुमी मला बैठकीत भांडून घेतलं. म्हनला, ही बाई हाय. मला किती बरं वाटलं हुतं! आन मग केलं काय? बाया आल्या की गप्प बस, कारन मी बाई वाटत न्हाई. गडी आले की टाळी वाजव, कारन मी बाई न्हाई. मग मी बाई हुते कधी? फकस्त जाहिरातीत?"

मी समजूत घालायचं सोडून द्राक्षांचे देठ काढायला लागले. माझ्यावर असा प्रसंग फार क्वचित येतो.

"टाळी वाजवून पोट भरायचं तर राहात्यात काय वाईट हुतं? दुकानदार तरी पाया पडायचे. आन पंकजाचं म्हनाल तर, तिला माझा आवाज नको हुता, तिचं काय चुकलं? ती मार खाऊन आली हुती. तिला नको म्हनायचा हक्क हाय. पन तुमी तिला कधी इचारलंच न्हाई, मला बी इचारलं न्हाई. तुमीच ठरवून टाकलं. तिकडं नवरा ठरवीत हुता, हिकडं तुमी."

हे जरा जास्तच झालं, असं मी मनात म्हटलं. बसमध्ये बसले तरी म्हणत होते. देवळाली प्रवरा गेल्यावर म्हणायचं थांबले.

निघताना ती म्हणाली, "तुमाला दार पाहिजे ना? मग दार बसवा. मी काय लाकूड हाय का? आतल्या खोलीला फळी लावा, आतून कडी लावा. ज्या बाईला मी चालते ती उघडंल, न चालते ती उघडनार न्हाई. मी बाहेर टेबलावर बसंन. तसं जमत असंल तर कळवा."

कांदा होता म्हणून दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या तरी कांद्यानं नव्हतं.

८ एप्रिल, मंगळवार

समिती. विषय एक: राजनंदिनीला कायम करायचं का घरी पाठवायचं.

अण्णा म्हणाले, "ती टाळी वाजवीन म्हनती का?"

"नाही."

"शाप?"

"नाही."

"मग काय उपेग बाई? टाळीच न्हाई तर मग ती साधी बाईच झाली की! अशा पन्नास मिळतील."

मी दोन महिने ज्या वाक्यासाठी घसा कोरडा केला होता ते अण्णांनी फुकटात दिलं. म्हटलं, "अण्णा, जाहिरातीत तेच मागितलं होतं. साधी बाई. लिहून घ्या, अध्यक्षांचं मत." अण्णांना काय झालं ते कळेपर्यंत चौघांचे हात वर होते. एकानं तर पंख्याचं बटण दाबायला वर केला होता, तोही मी मोजला. राजनंदिनी कायम. काम केस लिहायचं.

मग मी दाराचा विषय काढला. समितीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाचा चौथरा भाड्यानं मागितला. अण्णा उठून उभेच राहिले. "बाई, या गावात दार? माझ्या जागंत? माझं दुकान हाय, पोरंबाळं हायेत!" म्हटलं, अण्णा, आमच्याकडे चोर येत नाहीत, नवरे येतात. मी पंकजाच्या गळ्याचं सांगितलं. बाही खाली करून गेलेल्या त्या पोरीचं सांगितलं, जी परत आली नाही. अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. म्हणाले, "शनवारी देवाला इचारतो." मी म्हटलं, कुणीतरी कुणालातरी विचारतंय, हेही नसे थोडके.

१२ एप्रिल, शनिवार

अण्णा तेल वाहून सरळ केंद्रात आले, कपाळाला शेंदूर तसाच. म्हणाले, "देवाला सांगितलं. म्हनलं, बाबा, राग धरू नको. हे दार चोरासाठी न्हाई, नवऱ्यासाठी हाय. चोराचं तुज्याकडंच."

माझंच वाक्य, मला न विचारता देवाला सांगितलं. असो. पुढच्या चौकटीला पडदाच राहील, दार फक्त आतल्या खोलीला. गावच्या सुतारानं हात जोडले, म्हणाला, माझ्या हातनं व्हायचं न्हाई. राहात्याचा सुतार येतोय.

१५ एप्रिल, मंगळवार

दार बसलं. सागवानी नाही, साधंच आहे, पण कडी पितळेची. कुणी सांगितलं नसताना अण्णांनी आणून दिली. बघायला अर्धं गाव लोटलं. बायका फळीला हात लावून बघत होत्या. कडूबाईला सरळ आत जायची सवय, सकाळपासून चहाच्या ट्रेसकट दोनदा आपटली. तिच्या कपाळाला टेंगूळ आलंय. दाराला शिव्या देताना तिला ऐकावं.

मला एक गोष्ट लक्षात आली. इथे कुणालाच दार वाजवता येत नाही. वाजवायचं काय, हेच माहीत नाही. पडद्याबाहेरून खाकरतात किंवा सरळ आत येतात.

१६ एप्रिल, बुधवार

राजनंदिनी आली. डाव्या हाताला प्लास्टर अजून आहे. टेबलाशी बसली, उजव्या हातानं खुर्ची पुढे ओढली. मी स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं. 

पंकजाचा जबाब लिहून घ्यायचा होता. दार आतून लावलेलं. मी सवयीप्रमाणे हाक मारायला तोंड उघडलं, पंकजा, राजनंदिनी येतेय गं, आणि तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात मी इतकं कष्टाचं काम केलेलं नाही.

राजनंदिनी दारापाशी गेली. उजव्या हाताच्या बोटांनी दोनदा वाजवलं. हळू.

"कोन?"

"राजनंदिनी. जबाब लिहायचाय. मी लिहू का सुकन्या मॅडम येऊ दे? तू सांगशील तसं. न्हाई म्हनलीस तरी चालंल."

आवाज तोच, ट्रॅक्टर चढाला लागलेला. तिनं तो जराही बारीक केला नाही. आत काहीच हालचाल होईना. कडूबाई पदर तोंडात धरून उभी. माझ्या मनात आलं, आता ही नाही म्हणणार, आणि म्हणाली तर मला राजनंदिनीच्या तोंडाकडे बघवणार नाही. राजनंदिनी मात्र भिंतीला टेकून उभी होती, एसटीची वाट बघावी तशी.

कडी सरकली. पंकजानं दार थोडं उघडलं, तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, गळ्यात अडकवलेल्या प्लास्टरच्या हातापाशी थांबली.

"तुमी या आत," पंकजा म्हणाली. "पन कडी मी लावनार."

"लाव की," राजनंदिनी म्हणाली आणि आत गेली.

मीही आपली मागोमाग निघाले. संचालिका आहे मी. दार माझ्या नाकासमोर बंद झालं आणि कडी बसली. मी वाजवलं. आतून पंकजाचा आवाज आला, "थांबा ताई, आमचं चाललंय."

काय करणार? कोपऱ्यातलं स्टूल आणलं आणि पुढच्या चौकटीत टाकून बसले. आतून राजनंदिनीचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मधेच पंकजा रडली, मग बऱ्याच वेळानं हसली. तेवढ्यात पडदा हलला आणि एका भक्तानं मुंडकं आत घातलं.

"मावशी, तेल कुठं मिळंल?"

मी ओठावर बोट ठेवलं आणि खुणेनंच रस्ता दाखवला.